पोर्ट लुई: गुलामगिरी संग्रहालय आणि आप्रवासी घाट एका दिवसात कसं बघावं?

केतकीबन

ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा मॉरिशसला आहोत. टूरवाल्यांच्या कार्यक्रमात 'पोर्ट लुई दर्शन' म्हणजे कोदाँ वॉटरफ्रंटवर खरेदी आणि किल्ल्यावर फोटो, संपलं. तो दिवस सुटा करून इंटरकॉन्टिनेंटल स्लेव्हरी म्युझियम आणि आप्रवासी घाट (भारतातून नेलेले मजूर जिथे उतरत ती जागा) नीट बघायचे आहेत. सोबत ११ वर्षांची मुलगी आणि ७१ वर्षांच्या सासूबाई (गुडघे दुखतात, पूर्ण शाकाहारी). मुक्काम फ्लिक आँ फ्लाकला आहे.

१. दोन्ही एका दिवसात होतात का? आधी कोणतं?
२. संग्रहालयातलं मुलीला झेपेल का?
३. ल मॉर्नचा डोंगर याच विषयाशी जोडलेला आहे असं वाचलं. जावं का?
४. गिरमिटिये (करारावर नेलेले मजूर) म्हणजे थोडक्यात गुलामच ना? मग दोन वेगळी ठिकाणं कशाला?
५. रत्नागिरी-साताऱ्याकडून गेलेल्यांच्या नोंदी तिथे बघायला मिळतात का?

---

पायवाट

जाण्यायेण्याचं आधी सांगतो, बाकी जाणकार सांगतीलच.

दोन्ही ठिकाणं एकमेकांसमोरच आहेत, चालत पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. त्यामुळे एका दिवसात नव्हे, एका सकाळी होतात. फक्त वार चुकवू नका. रविवारी पोर्ट लुई बंद असतं आणि घाटही बंद. घाटाची वेळ सोमवार ते शुक्रवार ९ ते ४, शनिवारी फक्त १२ पर्यंत, प्रवेश मोफत. स्लेव्हरी म्युझियम तुलनेने नवं आहे, वेळापत्रक बदलतं. ज्या आठवड्यात जाणार त्या आठवड्यात फोन करून वेळ आणि तिकीट दोन्ही विचारा. फोनवर हेही विचारा की त्या दिवशी मोठा शाळेचा गट आहे का. दोन वर्ग एकदम आत आले की पडद्यांपुढे उभं राहायला जागा मिळत नाही.

तुमच्या तारखांत २ नोव्हेंबर येतोय. १८३४ साली त्या दिवशी 'अॅटलस' जहाजातून पहिले ३६ मजूर उतरले, म्हणून तिथे सार्वजनिक सुट्टी असते आणि घाटावर सरकारी समारंभ. सामान्य माणसाला त्या दिवशी आरामात फिरता येत नाही. दिवाळीचीही सुट्टी असते. या दोन तारखा टाळून मंगळवार ते गुरुवार यांतला वार धरा.

फ्लिक आँ फ्लाकची बस पोर्ट लुईत व्हिक्टोरिया स्क्वेअरला सोडते (पश्चिम-दक्षिणेच्या बसगाड्या तिथे, उत्तरेच्या इमिग्रेशन स्क्वेअरला). तिथून चालत पंधरा-वीस मिनिटं, पण सासूबाईंसाठी मेट्रो घ्या. शेवटचं स्थानक घाटाच्याच नावाचं आहे. टॅक्सी केलीत तर मीटरच्या भरवशावर राहू नका, बसण्याआधी येण्याजाण्याचे आणि थांबण्याचे मिळून पैसे ठरवा.

आठला निघून साडेनऊला आत. पोर्ट लुई डोंगरांच्या कुशीत आहे, वारा अडतो, अकरानंतर उकाडा होतो. घाट उघड्यावर आहे. तरीही आधी संग्रहालयच बघा, मग घाट. क्रम उलटा केलात तर घाटावरचं निम्मं डोक्यावरून जाईल. टोपी आणि पाणी ठेवा म्हणजे झालं.

जेवण: सेंट्रल मार्केटच्या आसपास डाळपुरी. पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं सारण, आत मोठ्या पांढऱ्या वालांची रस्साभाजी, टोमॅटोचा रुगाय आणि चटणी. नेहमी दोनाची जोडी मिळते. ती शाकाहारी असते, पण त्याच गाडीवर मटण-कोंबडीचे रस्सेही असतात, म्हणून 'मांस नको, मासे नको' हे आधी सांगा. गातो पिमाँ म्हणजे आपल्या डाळवड्याचा चुलतभाऊ, तोही चालेल. सुटे पैसे ठेवा.

---

दप्तर

प्रश्न ४ पासून सुरू करतो, कारण त्याच्या उत्तरावर बाकीचं बघणं अवलंबून आहे.

नाही, गिरमिटिये गुलाम नव्हते. आणि 'गुलाम नव्हते म्हणजे सुखात होते' असंही नाही. कायद्याने गुलाम ही मालमत्ता होती: विकता येई, गहाण टाकता येई, वारशात वाटता येई, आणि आईची गुलामी मुलाला जन्मतः लागे. गिरमिटियाचा करार मुदतीचा होता, सुरुवातीला पाच वर्षांचा. पुरुषाला महिना पाच रुपये आणि शिधा. मूल स्वतंत्र जन्मे आणि निदान कागदावर तरी मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करता येई. आता जाच कुठे होता ते बघा. एक दिवस गैरहजर राहिलं की दोन दिवसांचा पगार कापत. याला 'डबल कट' म्हणत. महिन्यात पाच-सहा दिवस आजारी पडलेल्या माणसाच्या हाती काय उरत असेल, हे मुलीकडून तिथेच तोंडी गणित करून घ्या. १८६७ च्या कायद्यानंतर करार संपलेल्या माणसालाही फोटो लावलेला परवाना खिशात ठेवून फिरावं लागे. नसला तर भटक्या म्हणून अटक. या जाचाविरुद्ध १८७१ मध्ये अडॉल्फ द प्लेविट्झ या मळ्याच्या व्यवस्थापकाने ९,४०१ जुन्या मजुरांच्या सह्यांचा अर्ज गव्हर्नरकडे दिला, त्यावरून पुढे रॉयल कमिशन बसलं.

म्हणून ठिकाणं दोन, आणि ती समोरासमोर आहेत हे उत्तम आहे. गुलामगिरी संपली त्याच वेळी मळेवाल्यांना स्वस्त हात हवे होते. ब्रिटिशांनी मॉरिशसवर करारी मजुरीचा प्रयोग केला, तो जमला म्हणताच पुढे त्रिनिदाद, गयाना, दक्षिण आफ्रिकेतलं नाताळ, फिजी इथे तीच पद्धत नेली.

आता संग्रहालय. सगळ्यात मोठी वस्तू आतल्या कपाटात नाही, इमारत हीच ती वस्तू. हे लष्करी रुग्णालय १७४० च्या सुमारास, माहे द लाबुर्दोने गव्हर्नर असताना (१७३५ ते १७४६) उभं राहिलं. बांधणारे हात गुलामांचे, सोबत भारतातून आणलेले कारागीर. आत शिरण्याआधी भिंतीजवळ जाऊन बघा. काळा बसाल्ट आणि मध्ये पांढरट चुना. बेटावर चुनखडीचा डोंगर नाही, समुद्रातलं प्रवाळ फोडून, वाहून, भट्टीत भाजून चुना करत. एका भिंतीमागे दगड फोडणारे, घडणारे, प्रवाळ काढणारे, भट्टीसाठी लाकूड तोडणारे असे चार प्रकारचे कष्ट आहेत. फलक वाचण्याआधी हे बघितलं तर आतलं जास्त कळतं.

आत जाताना तारखांचा एवढा सांगाडा डोक्यात ठेवा, नाहीतर डच-फ्रेंच-ब्रिटिश यांत गोंधळ होतो. डच १६३८ मध्ये आले, मादागास्करहून गुलाम आणले, १७१० मध्ये बेट सोडून गेले. पळून रानात शिरलेले गुलाम, म्हणजे 'मरून', त्यांच्याच काळापासून आहेत. फ्रेंचांनी १७१५ मध्ये ताबा घेतला. १७२३ च्या फर्मानाने 'कोड नोआर', म्हणजे गुलामांबद्दलचं फ्रेंच कायद्याचं पुस्तक, इथे लागू झालं. मोझांबिक, पूर्व आफ्रिका आणि मादागास्कर इथून मोठ्या संख्येने माणसं आणली, थोडी पश्चिम आफ्रिकेतून, आणि (हे आपल्याकडे फारसं माहीत नसतं) भारतातूनही. बंगाल, मलबार आणि पाँडिचेरीकडून आणलेले गुलाम अठराव्या शतकातल्या नोंदींत सापडतात. 'मॉरिशसमधले भारतीय १८३४ पासून' हे टूरवाल्यांचं ठरलेलं वाक्य त्यामुळे शंभर वर्षांनी चुकतं. शतकाच्या अखेरीस बेटावरच्या दर पाच माणसांत चार गुलाम होते.

१८१० मध्ये ब्रिटिश आले. गुलामांच्या व्यापारावर त्यांनी १८०७ मध्येच बंदी घातली होती, पण चोरटा व्यापार नंतरही बरीच वर्षं चालू राहिला. १८२१ मध्ये 'ल कूरर' नावाचं गुलामांचं जहाज पाठलाग होतोय म्हणून जहाजावरच्यांनीच पूर्व किनाऱ्यावर नष्ट केलं. अशा चोरीला आळा बसावा म्हणून गुलामांची नोंदणी सक्तीची केली होती: नाव, वय, मूळ देश, काम. या नोंदवह्यांची पानं कुठेही मांडलेली दिसली तर थांबा. ओळीत शेवटी 'काम' असतं: सुतार, धोबीण, कुदळवाला, दाई. मुलीला तारखांपेक्षा ही पानं वाचू द्या.

१ फेब्रुवारी १८३५ ला मॉरिशसमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. पण लगेच मोकळीक नाही. 'अप्रेंटिस' असं नाव देऊन त्याच मालकाकडे काम करायला लावलं, ते ३१ मार्च १८३९ पर्यंत. आणि भरपाई मिळाली ती मालकांना. साम्राज्यभर २ कोटी पौंड वाटले, त्यांतले सुमारे २१ लाख मॉरिशसच्या मालकांच्या वाट्याला, ६६,००० च्या आसपास गुलामांपोटी. गुलामांना एक पैसा नाही. गाइड हा भाग घाईत उरकतो, मग थांबवून विचारा की त्या पैशाचं पुढे बेटावर काय झालं. साखर कारखान्यांचा इतिहास तिथूनच उलगडतो.

एक गोष्ट चुकवू नका. १८४६ मध्ये यूजेन द फ्रोबरविल नावाच्या माणसाने मॉरिशसमध्ये राहणाऱ्या, मोझांबिककडून आणलेल्या माणसांच्या चेहऱ्यांचे प्लास्टरचे साचे घेतले. साठेक अर्धपुतळे झाले, मूळ संच फ्रान्समध्ये ब्लुआच्या राजवाड्यात आहे. त्यांच्यावर या संग्रहालयाने काम केलं आहे, त्यातलं काही मांडलेलं असेल तर जवळून बघा. डोळे मिटलेले आहेत, कारण ओलं प्लास्टर जिवंत माणसाच्या तोंडावर होतं. कपाळावर आणि गालावर गोंदणासारख्या उठावाच्या खुणा दिसतात, त्यावरून माणूस कोणत्या समाजाचा हे ओळखता येतं. फ्रोबरविलने वंशशास्त्राच्या नावाखाली हे केलं, पण त्याने नावंही टिपून ठेवली. म्हणून आज हे 'एक आफ्रिकी पुरुष' असे पुतळे राहिलेले नाहीत.

हे संग्रहालय झालं तेही सहज नाही. २००९ मध्ये नेमलेल्या सत्य आणि न्याय आयोगाने २०११ च्या अहवालात त्याची शिफारस केली, त्यानंतर बरीच वर्षं नुसती चर्चा चालली. अहवाल चार खंडांचा आहे, नेटवर मिळतो. जाण्याआधी पहिला खंड चाळलात तरी पुरे.

---

वाक्वाकर

दप्तर यांनी संग्रहालयाचं सांगितलंच आहे. मी घाट आणि मराठी नोंदी एवढंच घेतो.

घाटावर गेलेले बरेच भारतीय पाहुणे 'एवढंच?' असं म्हणतात. कारण आलेल्या मजुरांना उतरवून ठेवायचा डेपो पूर्ण राहिलेला नाही, मधून हमरस्ता गेला आणि समुद्र भराव घालून मागे सारला. आज १,६४० चौरस मीटर जागा आहे. २००६ मध्ये जागतिक वारसा झाली. १८४९ मध्ये इथे डेपो बांधला, १९२० पर्यंत लोक येत राहिले. एकूण जवळपास पाच लाख.

बघण्याचा क्रम असा ठेवा. आधी बाजूच्या माहिती केंद्रात (बिक्रमसिंग रामलल्ला यांच्या नावाचं, २०१४ मध्ये सुरू झालं) पाऊण तास. मग बाहेर. बाहेर तीन गोष्टी: १६ पायऱ्या, स्वयंपाकाची जागा आणि संडासांचे अवशेष. पायऱ्यांचे फोटो सगळे काढतात, पण डेपो कसा चालायचा ते बाकीच्या दोहोंवरून कळतं. बोटीतून उतरलेला माणूस इथे निदान दोन रात्री राही. डॉक्टर तपासत, नंबर देत, नोंद करत, मग मळ्याचा माणूस येऊन घेऊन जाई. त्या नंबराला तिथल्या घराण्यांत अजून मोल आहे.

सासूबाईंसाठी: माहिती केंद्र सोपं आहे, बाहेर दगडी, उंचसखल जमीन आहे. त्यांना केंद्रातच बसू द्या किंवा कडेच्या वाटेने न्या. पायऱ्या चढायची गरज नाही, समोरून छान दिसतात.

मराठी नोंदी: मजूर कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तिन्ही बंदरांतून आले. मुंबईचा वाटा सर्वांत लहान. मूळ नोंदवह्या घाटावर नाहीत, त्या मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. तिथे गिरमिटिया वस्तूंचं छोटं संग्रहालयही आहे. नोंदीत नंबर, जहाज, वडिलांचं नाव, जात, जिल्हा, गाव, उंची, अंगावरच्या खुणा, आणि १८६० च्या दशकानंतरच्या बऱ्याच नोंदींना फोटो.

पण नुसतं जाऊन 'आमच्या गावचे कोण आले दाखवा' म्हटलं तर काम होत नाही. शोध मॉरिशसच्या बाजूने उलटा चालतो: आजचा माणूस, त्याच्या वडिलांचा-आजोबांचा जन्मदाखला, त्यावरचा नंबर, मग नोंदवही. भारतातून शोधायचं तर निदान जहाजाचं नाव किंवा आल्याचं साल हवं. आडनावावर भिस्त ठेवू नका. तिथे आलेल्या पुरुषाचं पहिलं नाव हेच पुढच्या पिढ्यांचं आडनाव झालं. चव्हाण, शिंदे शोधत बसाल आणि माणूस 'रामा' किंवा 'पांडू' या आडनावाखाली असेल. गावांची नावं इंग्रज-फ्रेंच कारकुनांनी कानाला येईल तशी लिहिली आहेत, मोठ्याने वाचून बघितल्याशिवाय ओळखू येत नाहीत. आधी पत्र पाठवून वेळ घ्या.

जाता जाता, पुढे कधी भाद्रपदात जाणाऱ्यांसाठी: गणेश चतुर्थीची तिथे सार्वजनिक सुट्टी असते आणि ती आपल्या कॅलेंडरच्या एक दिवस पुढे येते. २०२४ मध्ये आपल्याकडे ७ सप्टेंबर, तिथे ८. विसर्जनाचा दिवस तो. संग्रहालयं बंद.

---

केतकीबन

भरपूर मिळालं, आभार! मुलीचं आणि ल मॉर्नचं राहिलं. ल मॉर्नवर गुलामांनी उड्या घेतल्याची गोष्ट खरी आहे ना? ती मुलीला आधीच सांगावी का?

---

दप्तर

गोष्ट सांगा, पण 'असं सांगतात' म्हणून. कथा अशी की १८३५ मध्ये सुटकेची बातमी द्यायला शिपाई डोंगर चढून आले, वर लपलेल्यांना वाटलं धरायला आले, आणि त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. या प्रसंगाचा कागदोपत्री पुरावा नाही. मरून लोक त्या डोंगरात आसरा घेत हे मात्र पक्कं आहे. पायथ्याशी जुनी दफनभूमीही उत्खननात सापडली, तिथल्या माणसांची मुळं मोझांबिक आणि मादागास्करकडची निघाली. २००८ मध्ये ल मॉर्न वारसास्थळ झालं ते या प्रतिकाराच्या आणि मौखिक परंपरेच्या जोरावर. गाइड ती कथा वर्तमानपत्रातल्या बातमीसारखी सांगतात, तेवढं सांभाळा.

मुलीबद्दल: रक्तबंबाळ असं काही अंगावर येत नाही. जड जातं ते शिक्षांचं वर्णन. कोड नोआरमध्ये पहिल्यांदा पळून महिनाभर गायब राहिलेल्याचे कान कापून खांद्यावर डाग द्यायचा, दुसऱ्यांदा पायाची शीर कापायची, तिसऱ्यांदा मृत्युदंड, असं कलमवार आहे. हे आदल्या दिवशी तुम्ही स्वतः साध्या शब्दांत सांगा. अनोळखी खोलीत फलकावर पहिल्यांदा वाचण्यापेक्षा ते बरं. आत दीड तासाच्या वर ठेवू नका, मुलं शेवटच्या दालनापर्यंत थकतात, आणि भरपाईचा हिशोब नेमका शेवटाकडे येतो.

---

पायवाट

ल मॉर्नची वाट दोन तुकड्यांची आहे. पहिले अडीचेक किलोमीटर रुंद, सोपा चढ. मुलगी सहज जाईल, समुद्राचं दृश्यही तिथून उत्तम. नंतर हातपाय टेकून खडक चढायचा आहे. डोंगर ५५६ मीटर उंच, पण बहुतेक लोक त्याआधीच्या क्रॉसपाशी थांबतात. पाऊस पडून गेला असेल तर दुसऱ्या तुकड्याला हात लावू नका. खडक गुळगुळीत आहे आणि लोक चढताना नाही, उतरताना घसरतात. सकाळी सातला सुरुवात करा, चपला चालणार नाहीत.

सासूबाईंना वर न्यायचंच नाही. पायथ्याशी समुद्रालगत स्लेव्ह रूट स्मारक आहे, २००९ मध्ये झालेलं, वेगवेगळ्या देशांच्या शिल्पकारांची दगडी शिल्पं आहेत, जागा सपाट आहे. त्या तिथे बसतील, तुम्ही दोघी पहिला तुकडा करून दोन तासांत परत. फ्लिक आँ फ्लाकहून ल मॉर्न पोर्ट लुईच्या उलट दिशेला आहे, तेव्हा हे त्याच दिवशी कोंबू नका.

रविवार रिकामा राहिला तर पाम्पलमूसजवळचं बो प्लाँचं साखर संग्रहालय, लाव्हाँत्यूर द्यु सुक्र. १९९९ ला बंद झालेल्या कारखान्यातच आहे, चरक-कढया जागच्या जागी, गुलामगिरीवर वेगळा भाग आहे आणि शेवटी साखरेचे प्रकार चाखायला देतात. तिकीट आहे, अडीच तास धरा. माहेबूरकडे जाणं झालंच तर तिथल्या संग्रहालयात 'सें-जेराँ' या जहाजाची घंटा बघा. १७४४ मध्ये साखरेच्या घाण्याचे भाग आणि पश्चिम आफ्रिकेतल्या गोरे बेटाहून आणलेले गुलाम घेऊन येताना ते खडकावर फुटलं.

---

वाक्वाकर

पायवाट, एक भर: पोर्ट लुईचा किल्ला टूरच्या यादीतून काढू नका, केतकीबन. फोर्ट अॅडलेड ब्रिटिशांनी १८३४ मध्ये बांधायला घेतला तो गुलामगिरी बंद होताना मळेवाले बंड करतील या धास्तीने. वरच्या तटावर उभं राहून शहराकडे बघा. संग्रहालय-घाट झाल्यावर तिथे टॅक्सीने जा. चढ उभा आहे आणि दुपारी सावली अजिबात नाही.